हवेत तीन तास

जगात अंतर नावाची गोष्टच नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला भेटला आहे, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा साडू आहे. साडू म्युनिकमध्ये गाड्यांच्या ब्रेकचं काहीतरी करतात. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, लिस्बनला नोकरीला. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की हे गृहस्थ तिच्याकडे उडतात. लांब पडत नाही का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं : "छे, जेमतेम दोन हजार किलोमीटर. हवेत तीन तास." सगळी मेख त्या 'हवेत'मध्ये आहे. वाटेत थबकलेली एस-बान, म्हणजे तिथली लोकल, तपासणीची रांग, रखडलेलं विमान, पलीकडची मेट्रो, यातलं काही त्यांच्या हिशेबात नसतं. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. एस-बान सिग्नलला हटून बसली म्हणून मी घड्याळ दाखवलं, तर "हे धरायचं नाही," म्हणाले, लगोरीत आउट झालेलं पोर म्हणतं तसं.

पुढे तपासणीत त्यांच्या पिशवीतून बायकोसाठी कढवलेलं साजूक तूप निघालं. द्रव पदार्थ चालत नाही म्हटल्यावर, तूप थिजलेलं आहे, सबब ते द्रव नव्हे, असा मुद्दा त्यांनी शुद्ध जर्मनमध्ये मांडला. अधिकारी बाईंनी बरणी उलटी करून पाहिली. तूप हललं नाही. "गेनाऊ," साडू विजयी मुद्रेने म्हणाले, म्हणजे 'अगदी बरोबर'. "गेनाऊ," बाईही म्हणाल्या आणि बरणी कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुढच्या खेपेला त्यांनी तूप पोळ्यांना लावून नेलं.

या माणसावर मी जळतो, स्पष्टच सांगतो. आम्ही जर्मनीतच येनाला राहतो आणि माझी बायको रोज जवळच्या एरफुर्टच्या ऑफिसातून ट्रेनने परत येते. भाऊजी दोन हजार किलोमीटर जातात आणि तुला ट्रामने स्टेशनवर यायचा कंटाळा, हे मी जेवताना ऐकतो. व्हिडिओ कॉलवर सासूबाईही तेच सुचवतात, फक्त जरा गोड आवाजात. त्यात मेहुणीने सांगून ठेवलेलं, की लिस्बनला गेल्यापासून दोघं एकदाही भांडलेले नाहीत. हे मला फार लागलं. बायकोच्या मनात मी दुसऱ्या नंबरावर गेलो होतो आणि वर चढायची वाट दिसत नव्हती.

मग एका शुक्रवारी विमानतळावर संप झाला आणि साडू लिस्बनऐवजी आमच्याकडे आले. जेवताना खिडकीवरून माझी आणि बायकोची जुंपली. तिला ती उघडी हवी, मला बंद. बोलता बोलता गाडी माझ्या आईपर्यंत गेली. शेवटी बायको ओशाळून म्हणाली, "भाऊजी, लक्ष देऊ नका. आमचं हे रोजचंच आहे."

"रोज?" साडूंनी विचारलं. घास हातातच राहिला होता. मी आयुष्यात इतका हेवा कुणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता, आणि तो माझ्याविषयी होता. "आम्हाला शनिवारच मिळतो हो. तो भांडणात घालवायचा जीव होत नाही. मग राहूनच जातं."

"आणि सोमवार ते शुक्रवार?" मी विचारलं.

"ते धरायचं नाही," ते म्हणाले, पण या वेळी ते पोर हरलेलं वाटलं.

हल्ली मी स्टेशनवर जातो. ट्रेन उशिरा येते, ते मी धरत नाही. बायको उतरते, छत्री का आणली नाहीस इथून सुरुवात होते, आणि आम्ही घरापर्यंत भांडत येतो. तेवढं मात्र मी धरतो.