पातेल्याच्या बुडाला लाल रंग

रंग अजून ओला होता. माझ्या बोटाला लागला.

आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाचं एक सभागृह आहे, त्याच्या मागे लहान खोली. तिथं संघाची भांडी असतात. मोठी पातेली, पराती, झारे, पाण्याची पिंपं. त्या खोलीची एक किल्ली अध्यक्षांकडे, एक माझ्याकडे. मी संघाचा सचिव. माझ्या आईच्या दिवसांच्या जेवणाला काढलेली पातेली मी घासून, पुसून, मोजून परत ठेवली होती. काही दिवसांनी खोली उघडली, तर तीच तीन पातेली वेगळ्या कोपऱ्यात. पालथी. प्रत्येकाच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका. बशीएवढा. लांबून ओळखता यावा असा.

मागे मूर्ती सर येऊन उभे राहिले होते. आमचे अध्यक्ष. निवृत्त इंजिनिअर. सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. हात जोडून म्हणाले, "रावअवरे, तप्पु तिळ्कोबेडी." गैरसमज करून घेऊ नका. मग कन्नडमध्येच, समजावणीच्या सुरात, "तुमच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. तुम्ही सचिव आहात, राहाल. फक्त ही तीन बाजूला ठेवू. वॉचमन, झाडूवाले यांना आपण जेवण देतो ना, त्याला होतील. बाहेर कळणार नाही. किल्लीसुद्धा तुमच्याकडेच राहू दे."

मी काय केलं? लिहायला बसलोय, तर तेही लिहितो.

मी म्हणालो, "आयतु सर." ठीक आहे सर.

टर्पेंटाइन आहे का, असं विचारलं. बोट पुसलं. मग ती पातेली सुलटी केली, म्हणजे बुडं खाली जातील, कुणाला दिसणार नाहीत. आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. ओला रंग पुसला जाऊ नये म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं.

आमचा संघ वाईट नाही. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वसाहतीत नळाचं पाणी आठ-आठ दिवस येत नव्हतं तेव्हा संघानंच टँकर आणले, आणि आधी म्हाताऱ्यांच्या घरी पाणी दिलं. रस्त्यावर दिवे आणले. बाग उभी केली. कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो, संघाच्या खुर्च्या, भांडी हजर. सगळे आपापली नोकरी सांभाळून करतात, कुणी पगार घेत नाही. माझी आई न्हाणीघरात पडली तेव्हा संघाची चाकाची खुर्ची घेऊन सगळ्यात आधी वसाहतीतल्या मेधावहिनी धावत आल्या. ती गेली तेव्हा शीतपेटी मूर्ती सरांनी स्वतः गाडीत घालून आणली. माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. तोच हात. तोच माणूस. तेच मला झेपत नाही.

आता मी कोण, ते सांगतो.

म्हैसूरच्या जुन्या मराठी लोकांच्या नावापुढे राव असतो. माझ्याही आहे. आम्ही घरात मराठी बोलतो, अर्धी कन्नड मिसळलेली. मेधावहिनी पुण्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. त्यांनी पहिल्यांदा मला आईशी फोनवर बोलताना ऐकलं आणि टाळीच वाजवली. "अय्या, तुम्ही मराठी! राव म्हणजे जुन्या फौजेतले ना तुम्ही? घोडदळातले?"

"हो," मी म्हणालो. "घोडदळाबरोबरच आले आमचे लोक."

खोटं नव्हतं. आले होते. घोड्यावर बसून नाही. घोड्यांची खोगिरं शिवायला.

त्या गणपतीत वहिनींनी माझं भाषण ठेवलं, म्हैसूरच्या मराठी शिलेदारांवर. मी वाचून, जुळवून बोललो. शाल मिळाली. आई मागच्या ओळीत बसली होती. घरी येताना हसून हसून तिला ठसका लागला. "कोण बसला रे घोड्यावर आमच्यातला, मगा? आमचा हात घोड्याच्या पोटाखाली. पट्टा आवळायला!" मगा म्हणजे लेकरा. शेवटपर्यंत ती मला मगाच म्हणायची.

मी म्हणालो, "आव्वा, सुम्ने ऱ्हा. रस्त्यात नको."

ती गप्प झाली. नंतर त्या वसाहतीत ती फारशी बोललीच नाही.

आम्ही चांभार. हा शब्द मी या वसाहतीत राहायला आल्यापासून तोंडातून काढला नव्हता. वडील देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीशी बसून पिशव्या, पट्टे, चपला शिवायचे. त्या जागेवर आता माझा चुलतभाऊ बसतो, शंकरदादा. वडिलांनी मला शिकवलं. मी विमा कंपनीत लागलो. घर घेतलं. आणि आयुधपूजा आली की आईला सांगायला लागलो, दार लाव.

म्हैसुरात आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कुठलंच हत्यार उपाशी राहत नाही. सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर बस पुजतो, डॉक्टर नळी पुजतात, पोरं लॅपटॉपवर कुंकू लावतात. आई माझ्या वडिलांची रापी पुजायची. कातडं तासायची रापी, झिजून अर्धी राहिलेली. स्वयंपाकघराचं दार लावून. खिडकीही लावून. उदबत्तीचा धूर आतच कोंडायचा, तिचे डोळे चुरचुरायचे. बाहेर संघाच्या अंगणात आमच्या सगळ्यांच्या गाड्यांसमोर कोहळे फुटत असायचे, आणि मी तिथं प्रसाद वाटत असायचो.

आई गेली. दिवसांचं जेवण संघाच्या सभागृहात ठेवलं. आमच्या जुन्या गल्लीतले लोक आले. मी त्यांना लवकर बोलावलं होतं. वसाहतीतले यायच्या आत त्यांचं जेवण उरकावं म्हणून. त्यांना ते कळलं. जेवले आणि गेले. शंकरदादा तेवढा थांबला. कामावरून थेट आला होता, हत्यारांची पिशवी खांद्याला.

वसाहतीतले जेवले. छान जेवले. मूर्ती सरांनी भात दोनदा मागितला. निघताना दारात मेधावहिनींच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या एका पायावर उभ्या, हसतायत, "अहो, आता घरापर्यंत अशीच जाऊ की काय लंगडत!"

शंकरदादा पुढे झाला. "द्या इकडं, अक्का. बसा." पायरीवर बसला, पिशवीतून आरी काढली, दोरा ओवला. बोलता बोलता टाके पडले. दोरा दातांनी तोडला. चप्पल दोन्ही हातांनी त्यांच्या पायापुढं ठेवली.

"किती छान केलंत हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

दादा हसला. "काकीच्या जेवणाला आलेल्या माणसाला अनवाणी पाठवायचं का?" आणि माझ्याकडं बोट केलं. "रावसाहेबांचा थोरला भाऊ मी."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मूर्ती सरांनी पाहिलं. सगळे चपला घालता घालता थांबले.

मी म्हणालो, "ओळखीचे आहेत. जुन्या गल्लीतले."

एवढंच. आईचा हार घातलेला फोटो मागे होता.

दादानं आरी पुसली. पिशवीत ठेवली. कुणाकडं न बघता गेला. वहिनी पटकन म्हणाल्या, "चला, उशीर झाला." माझं खोटं त्यांना पटलं नव्हतं. आमच्या दोघांचं नाक एकच आहे, माझ्या आजोबाचं. भावाला विकून मी जे विकत घ्यायला गेलो, ते मला मिळालंही नाही. पातेल्यांना रंग लागलाच.

रंग बघितल्यावर मी काही दिवस तसाच हिंडलो. संघाचं काम केलं. पंपाचा मेकॅनिक आणला. दसऱ्याची वर्गणी मागत फिरलो. लोक पूर्वीसारखेच बोलत होते, उलट जास्त गोड. फक्त चहा विचारेना कुणी. एकदा वहिनी दारातच म्हणाल्या, "राव, तुम्ही आधी सांगायचं होतंत हो. आम्ही काही तसे नाही." त्या दाराच्या आत होत्या, मी बाहेर.

मग एका दुपारी देवराज मोहल्ल्यात गेलो. शंकरदादा सुटकेसचं हँडल शिवत होता. मला बघून मान वर केली नाही.

"बन्नी, बन्नी, या रावसाहेब. चप्पल तुटली काय?"

"दादा."

"बसा. ओळखीचे दिसताय. कुठल्या गल्लीतले?"

मी पायरीवर बसलो. पातेल्यांचं सांगितलं. लाल रंगाचं सांगितलं. मला वाटलं, तो चिडेल, त्यांना शिव्या घालेल, आम्ही दोघं मिळून त्यांना शिव्या घालू आणि आमच्यातलं ते मिटेल. असं स्वस्तात उरकायला गेलो होतो मी.

त्यानं दोरा ओढून घट्ट केला. "पातेल्याला रंग त्यांनी लावला," तो म्हणाला. "मला कोणी लावला, मगा?"

त्याच्या तोंडून आईचा तो शब्द आला. तो पुढं एवढंच बोलला. "माफी मागू नको. इथं मागून काय होतंय? जिथं म्हणालास, तिथं म्हण."

मग गिऱ्हाईक आलं. तो कामाला लागला. मी उठलो.

आयुधपूजेच्या सकाळी संघाच्या अंगणात सगळी वसाहत होती. धुतलेल्या गाड्या, झेंडूच्या माळा. टेबलावर पंपाचे पाने, बागेची कात्री, कुणाची इस्त्री, कुणाचा कॅमेरा. आचारी चूल पेटवून भांड्यांची वाट बघत होता. मी खोली उघडली. सगळी पातेली बाहेर आणली, त्यात ती तीनही. अंगणाच्या मधोमध पालथी मांडली. लाल ठिपके वर.

पोरं विचारायला लागली, हे काय.

मी खिशातून वडिलांची रापी काढली. खाली बसलो. मांडी घालून, पातेलं दोन गुडघ्यांत धरून, ते बसायचे तसा. आणि रंग तासायला लागलो. वाळलेला ऑइलपेंट चिवट असतो. रापी त्याहून चिवट. लाल कपचे माझ्या पांढऱ्या लुंगीवर पडत होते.

मूर्ती सर जवळ आले. हळूच म्हणाले, "एनप्पा राव, हे काय? लोक बघतायत. मग कुठली ती, हे कळणार कसं?"

"नाहीच कळणार सर," मी म्हणालो.

मग उभा राहिलो. मराठीत म्हणालो, मग कन्नडमध्ये. "माझ्या आईचं जेवण या पातेल्यांत शिजलं, म्हणून यांना खूण केली होती. मी चांभार आहे. आम्ही घोड्यावर बसणारे नव्हे, खोगीर शिवणारे. मेधावहिनी, तुमची चप्पल ज्यानं शिवली तो शंकर माझा भाऊ. सख्ख्यासारखा. त्या दिवशी मी खोटं बोललो."

तिन्ही पातेली उचलून बाकीच्यांत मिसळली. फिरवली. कुठली कुठली, मलाही सांगता येईना. आचाऱ्याला म्हणालो, चढव. रापी धुऊन टेबलावर ठेवली, पंपाच्या पान्यांशेजारी. पुरोहितानं सगळ्यावर टाकलं तसं तिच्यावरही कुंकू टाकलं. त्याला घाई होती. त्यात माझा विजय वगैरे काही नाही.

जेवायला बरेच जण थांबले नाहीत. त्या दिवशी आमच्या वसाहतीत एवढे उपास निघाले, की देवीलाही नवल वाटलं असेल. मेधावहिनी पानावर बसल्या. गोड खाल्लं, भाताला हात लावला नाही. मूर्ती सर गाडी घेऊन निघून गेले. वॉचमन आणि झाडूवाले, ज्यांना नेहमी मागून बाहेर वाढायचो, त्यांना मी आत बोलावलं. ते आले नाहीत. संघाच्या सचिवावर त्यांनी विश्वास का ठेवावा? एक झाडूवाली तोंडावर म्हणाली, "आज बसवाल, उद्या आमाला कोण काढील कामावरनं, ते सांगा आदी." बरोबर बोलली ती. इतकी वर्षं बाहेरच्या पंगतीला मीच वाढत होतो.

शंकरदादा आला नव्हता. मी बोलावलं होतं. अजून तो मला रावसाहेब म्हणतो.

आता राजीनामा दे म्हणतात. शांततेसाठी. वसाहतीच्या नावासाठी. मूर्ती सरांनी माणूस पाठवला, निरोप गोड होता. मी राजीनामा दिलेला नाही. देणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे. वॉचमनच्या मुलीच्या लग्नाला पातेली जातील, झाडूवालीच्या घरी मयत झाली तर शीतपेटी जाईल, संघ आहे तो तेवढ्यासाठी आहे. पुन्हा कुणी कशाला खूण केली, तर मी तासत बसणार नाही. खूण तशीच ठेवून पोलिसांत जाईन. तेही सांगून ठेवलंय, सभेत, सगळ्यांसमोर.

कुणी मध्यस्थानं सुचवलं, निदान नावापुढचा राव काढा, म्हणजे लोकांचा घोटाळा होणार नाही.

नाही काढणार. माझ्या बापाच्या नावापुढेही तो होता. पायरीवर बसून, गुडघ्यात कातडं धरून तो राव होता. चांभारही राव असतो. सवय मला झालीय. आता त्यांनी करून घ्यायची.