खालून येणारे आकडे

छत्रीवाल्यांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. त्यांचं सगळं आयुष्य लोकांच्या गच्चीवर गेलं, आधी अँटेनाच्या काड्या लावण्यात आणि मग टीव्हीच्या छत्र्या बसवण्यात. 'पावसात उपयोगी न पडणारी छत्री विकणारा मी एकटाच,' हा त्यांचा ठरलेला विनोद होता. गिऱ्हाइकाने तो दहादा ऐकलेला असला तरी ते अकराव्यांदा ऐकवत, आणि स्वतःच हसत.

कामाला ते बायकोला घेऊन जात. ते गच्चीवर, ती खाली टीव्हीसमोर. टीव्हीवर सिग्नलचा दर्जा दाखवणारा आकडा उघडून ठेवायचा, वर त्यांनी पाना घेऊन छत्री केसभर फिरवायची आणि खिडकीतून तिने आकडा ओरडून सांगायचा. "साठ... सत्तर... मागे घ्या, पडला!" बायकोचं इतकं निमूट ऐकणारा नवरा दुसरा दाखवा, असं लोक म्हणत. दोघांनाही ते ऐकायला आवडायचं.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी बिनसलं. छत्री बसवून ते घरी पोचतात न पोचतात तोच तक्रार यायची. साधी चॅनेल ठीक, पण एचडी लावलं की चित्राचे चौकोन चौकोन. बोलणाऱ्याचे डोळे एका जागी आणि हनुवटी भलतीकडे. साधं चॅनेल दुबळ्या सिग्नलवरही रेटून नेतं. एचडी नाजूक. छत्री जराशी चुकली तरी रुसून बसतं. हे छत्रीवाल्यांना पाठ होतं, आणि तरीही त्यांनी आधी वायरीवर खापर फोडलं, मग ढगांवर, मग कंपनीवर. गिऱ्हाइकांशी शब्दाने शब्द वाढला. शेवटी ज्या लॉजच्या सगळ्या खोल्यांचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं, त्या लॉजच्या मालकाने दुसरा माणूस लावला आणि वर तोंडावर सांगितलं, "काका, आता तुमच्याच्याने होत नाही."

ते वाक्य त्यांना लागलं. जेवताना ते हाताकडे टक लावून बघू लागले. हात कापतोय का? कापत असावा. ज्या माणसाला दुसरं काही येत नाही त्याचे हात गेले, तर उरतं काय? ही भीती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नाही.

खरं तर त्यांच्या घरच्या टीव्हीवरही एचडीचे तुकडेच पडत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बायको पहिल्यापासून कानांनीच टीव्ही बघायची, हात कामात असायचे, त्यामुळे तिची कधी कुरकुर नव्हती. एका दुपारी त्यांनी मनाशी ठरवलं, आज आपलीच छत्री लावून बघायची. नाही जमलं, तर हत्यारांची पिशवी कायमची खुंटीला.

टीव्हीकडच्या पिना बदलल्या, खांबाचे नट आवळले, आणि ते छत्री फिरवू लागले. खालून आकडे येत होते. "पासष्ट... सत्तर..." मग त्यांना दिसलं, की छत्रीच्या तोंडाशी वायर जिथे घुसते तिथलं तांबं हिरवं पडलंय. हीच ती खोड, असं म्हणत त्यांनी पिन सोडवली आणि वायर हातात घेऊन खरवडायला लागले. कोपर लागून पाना खांबावर वाजला.

"पंचाहत्तर," खालून आवाज आला.

वायर त्यांच्या हातात होती. छत्रीला काहीच जोडलेलं नव्हतं.

त्यांनी मुद्दाम पाना पुन्हा वाजवला. "अठ्ठ्याहत्तर. ऐंशी. बस, राहू द्या आता. उतरा सावकाश."

ते उतरले नाहीत. तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसले. लॉज, सगळी गिऱ्हाइकं, सगळी भांडणं एकेक करून डोळ्यांपुढे आली. आधी राग आला, असा की पाना खाली भिरकावावा. मग आठवलं, की हल्ली सुईत दोरा तेच ओवून देत होते, आणि ती समोर बसली की त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता कानाच्या बाजूला बघत बोलायची. त्यांना वाटायचं, रुसलीय.

खाली आले तेव्हा टीव्हीवर भलंमोठं शून्य होतं आणि ती त्याच्यासमोर ताठ बसली होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

तिला काय विचारलंय ते लगेच कळलं. तिने पदराचं टोक चाचपलं. मग म्हणाली, की मधलं सगळं धुरकट झालंय, कडेचं तेवढं दिसतं, त्यामुळे घरात अडत नाही. आकडे पान्याच्या आवाजावरून सांगायची. इतक्या वर्षांत तुमचा हात मला पाठ झालाय, म्हणाली.

"अगं, पण सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं."

नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यांनी टीव्ही बंद केला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. आधी आणलं असतं तर थोडी राखता आली असती. घरचं चॅनेल त्यांनी एकट्याने, शंभरदा जिना चढून-उतरून लावलं. स्वच्छ लागलं. हात शाबूत होते. त्याचा आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं, पण झाला नाही.

पुढच्या कामाचा निरोप आला त्या सकाळी त्यांनी पिशवी खांद्याला लावली. दाराशी ती आधीच उभी होती, केस विंचरून, चपला घालून.

"आज राहू दे," ते म्हणाले.

भिंतीला हात लावून तिने आधी एक चप्पल काढली, मग दुसरी.