चूपदादांचं हुश्श

शिवणयंत्रांच्या दुकानाखाली एक तळघर होतं. तिथे गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या माणसाला सगळे वादक चूपदादा म्हणत. मशीन सुरू करण्याआधी काचेपलीकडून ते "चूप" एवढा एकच शब्द बोलत, आणि सव्वीस वर्षांत तो दुसऱ्यांदा बोलायची वेळ क्वचितच आली होती. घड्याळं, बांगड्या, किल्ल्या दाराशी ठेवलेल्या परातीत काढायच्या, पंखा बंद, खुर्च्यांच्या पायांना कापड. कुणाचं पोट गुरगुरायचा संभव असेल, तर त्याला आधी बिस्किटं खाऊ घालत. देवानं माणसाला कान दोन दिले आणि तोंड एकच दिलं. दादांच्या मते तेसुद्धा जरा सढळ हातानंच.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी व्हायोलिनवाल्या काकांना घरी पाठवलं होतं. काका दादांहून दहा वर्षांनी मोठे, तळघरात त्यांच्याही आधीपासूनचे. पण त्यांचा उजवा गुडघा वाजू लागला. एका संथ गाण्यात तो तीनदा वाजला, तेव्हा दादा बाहेर आले आणि म्हणाले, "काका, गुडघा बरा झाला की या."

त्या वयात गुडघे बरे होत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. काकांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, परातीतून घड्याळ उचललं आणि जिना चढून गेले. तेव्हापासून दादा काकांच्या गल्लीतून जायचं टाळत. भाजी आणायलासुद्धा लांबच्या बाजारात जात आणि तिथली जास्त ताजी असते, असं बायकोला सांगत. भाजी शिळीच असे.

यंदा एका नव्या गायिकेचं गाणं आलं. अल्बम वगैरे नाही, एकच सुटं गाणं. अंतऱ्याची शेवटची ओळ एका दमात म्हणायची होती. ती बांधताना संगीतकारानं मध्ये श्वास घेतला होता की नव्हता, देव जाणे. सोळा वेळा पोरीचा दम तुटला. दर खेपेला हातातला कागद थरथरे आणि त्याची सळसळ दादांच्या कानी पडे. शेवटी त्यांनी मशीन संगीतकाराच्या हवाली केलं, कागद पुठ्ठ्याला चिकटवला आणि स्वतः तिच्यासमोर तो धरून उभे राहिले. सतराव्या खेपेला ओळ तडीस गेली. मग क्षणभर शांतता, आणि मग ध्रुवपद. संगीतकारानं काचेपलीकडून अंगठा दाखवला. गाणं बाजारात गेलं.

दर रविवारी सकाळी रेडिओवर लोकप्रिय गाण्यांची यादी लागे, विसाव्यापासून पहिल्यापर्यंत. दुसऱ्याच आठवड्यात हे गाणं एकोणिसावं आलं. दादांची बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. अंतरा संपला आणि तिचे हात थांबले.

"अहो, हे तुमचं हुश्श."

"कसलं हुश्श?"

"बूट काढून खुर्चीत बसलात की रोज करता ते. पोरीच्या ओळीनंतर लगेच आहे."

दादांनी तिला यंत्रांतलं काही कळत नसल्याचं समजावून सांगितलं. सोमवारी मात्र तासभर आधी तळघरात जाऊन त्यांनी नुसता गायिकेचा आवाज लावला. ओळ संपली आणि हुश्श आलं, अगदी ऐटीत, भर मध्यभागी. हे गाणं त्यांनी निदान शंभरदा ऐकलं होतं. पण स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही, तसं झालं होतं. संध्याकाळी त्यांनी बायकोपाशी कबुली दिली. ती म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," आणि देवापुढे दिवा लावायला गेली. उरलेली अर्धी म्हण दादांनी स्वतःच मनात पुरी केली.

त्यांनी संगीतकाराला गाठलं आणि ते हुश्श काढून नवी प्रत पाठवू या म्हणाले. संगीतकार म्हणाला, लोक त्यासाठीच तर ऐकतायत. ते खरं होतं. गाणं अकरावं आलं, मग सहावं. शाळेतली पोरं गणिताचा तास संपला की हुश्श करत. दादांचा दात काढल्यावर दातांच्या डॉक्टरनं केलं, तेही सुरात. मुलाखतीत गायिकेला विचारलं, तर ती म्हणाली, ते आतून आलं. ती खोटं बोलत नव्हती. एवढी ओळ गायल्यावर कुणाच्या तोंडून काय निघालं, हे कुणाला आठवतं? दादांनी शेवटी सांगून टाकलं, की ते माझं आहे. संगीतकारानं त्यांच्याकडे मायेनं पाहिलं आणि त्यांना दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितली.

गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथून हललं नाही. पहिल्यावर एका शिट्टी वाजवणाऱ्याचं गाणं होतं. त्यात एकही आगाऊ आवाज नव्हता, दादांनी तपासलं.

तिसऱ्या रविवारी त्यांना जेवण गेलं नाही. हुश्शचं कौतुक त्यांना फारसं टोचत नव्हतं. टोचत होता गुडघा. गुडघ्याला घरी बसवलं, आणि हुश्शला मिळाला दुसरा नंबर. बायकोनं ताट उचलताना एवढंच म्हटलं, की आज भाजी जवळच्या बाजारातून आणा.

काकांचं दार उघडंच होतं. ते खिडकीशी बसून व्हायोलिनची तार बदलत होते. दादा उभेच राहिले.

"काका, त्या गाण्यातलं ते माझं आहे."

"माहीत आहे," काका म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात ओळखलं. प्रत्येक गाणं संपल्यावर काचेमागे तू तेच करायचास. काच पातळ आहे रे."

"मग कुणाला बोलला कसे नाहीत?"

"तूच सांगितलं होतंस. चूप."

दादा खाली बसले. मग दादांनी गुरुवारी एक संथ गाणं असल्याचं सांगितलं आणि याल का, असं विचारलं. काकांनी गुडघा अजून वाजतो, हे आधीच बजावलं. दादा म्हणाले, वाजू दे, पुन्हा घेऊ.

गुरुवारी दादांनी शोधून आणलेल्या उंच खुर्चीत काका बसले. दुसऱ्या खेपेला गुडघा वाजला. सगळ्यांनी काचेकडे पाहिलं. दादा म्हणाले, "पुन्हा." पाचव्या खेपेलाही वाजला, तेव्हाही तेवढंच म्हणाले. नवव्या खेपेला गाणं निर्मळ पार पडलं.

दादांनी मशीन थांबवलं. लाल दिवा विझल्याचं एकदा पाहिलं, मग वाकून पुन्हा पाहिलं. तरी ते तोंड मिटूनच बसले.

"कर आता," काका आतून म्हणाले.