सोडवलेली गाठ

संग्रहालयात काचेआड नानाकाकांचा चष्मा ठेवलाय, विमान चालवताना घालायचा. काचा लखलखीत, चामडं मऊ, पट्टा सरळ. तो सरळ पट्टा बघूनच माझं डोकं फिरलं.

नानाकाका म्हणजे वडिलांचे काका. महायुद्धात वैमानिक होते आणि एका उड्डाणावरून परतलेच नाहीत. मागे राहिलेल्या ट्रंकेतून हा जादाचा चष्मा घरी आला. काकांचं डोकं लहान, चष्मा ढिला व्हायचा, म्हणून त्यांनी पट्ट्याला मागे गाठ मारली होती. आम्ही मुलं तो घालून अंगणभर घरघरत फिरायचो. गाठ टोचायची. सोडायला गेलं की आत्या खेकसायची, "गाठीला हात लावू नका! काकांनी मारलीय ती."

"गाठ कुठंय?" मी तिथल्या बाईंना विचारलं.

"सोडवली ना! तिथं पट्टा चिरत होता. पण एक धागा तुटू दिला नाही हं," बाई कौतुकानं म्हणाल्या.

त्यांना कुठल्या तोंडानं बोलू? वस्तू टिकवणं हे त्यांचं काम, ते त्यांनी मन लावून केलं. पण असले चष्मे कारखान्यातून ढिगांनी निघाले असतील. काकांच्या बोटांची होती ती फक्त गाठ. आणि चष्मा त्यांच्या हवाली केला आम्हीच, नीट जपला जावा म्हणून! आता पुन्हा गाठ मारली तरी ती माझीच होणार.

पट्टा मात्र छान सरळ झालाय. आता तो कुणाच्याही डोक्याला बसेल.