बारा तासांची दुरुस्ती

छापखान्यात त्यांना सगळे ‘अनुस्वारकाका’ म्हणत. मुद्रितशोधनात तीस वर्षे झिजलेल्या या गृहस्थांनी कोणाच्या मजकुराला चांगले म्हटल्याचे ऐकिवात नव्हते. मालकांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतही त्यांनी चार चुका काढल्या होत्या, आणि वर आभारांची अपेक्षा ठेवली होती.

यकृताचा जुना विकार असलेले काका जिन्यावरून घसरले आणि बरगडी मोडून बसले. डॉक्टरांनी अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी लिहून दिली, तीही दर बारा तासांनी; सोबत पोट साफ ठेवणारे पातळ औषध. घरी येताच काकांनी गोळ्यांबरोबरचे माहितीपत्रक भिंगाखाली धरले. तिथे ‘दर सहा तासांनी’ असे छापले होते. जन्मभर हस्तलिखितच प्रमाण मानणाऱ्या माणसाने नेमका याच वेळी छापील अक्षरावर विश्वास टाकला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लाल शाईने बाराचे सहा झाले. पोटाची तक्रार नसल्याने पातळ औषधही ‘अनावश्यक’ म्हणून छाटले गेले.

चौथ्या दिवशी छापखान्यातून आलेले प्रूफ त्यांनी तासाभरात हातावेगळे केले. सोबत राहणाऱ्या धाकट्या बहिणीने सहज चाळले. एकही खूण नव्हती. शेवटी फक्त ‘छान’ असे लिहिले होते. तिला आधी हसू आले, मग प्रूफ तसेच हातात घेऊन ती काकांकडे गेली.

“दादा, आज वार कोणता?”

काका नम्रपणे म्हणाले, “तू म्हणशील तो.”

एवढी नम्रता पाहून तिने थेट डॉक्टरांना फोन लावला. पुढची गोळी देऊ नका, ताबडतोब घेऊन या, असे त्यांनी सांगितले.

लाल शाईची चिठ्ठी पाहून डॉक्टर म्हणाले, “माहितीपत्रक धडधाकट माणसासाठी असतं. यांचं यकृत थकलंय, गोळी अंगात रेंगाळते, म्हणून बारा तास. त्यात पोट तुंबलं की तिथलं विष डोक्यात चढतं, म्हणून ते पातळ औषध.”

दोन दिवस रुग्णालयात बहीण उशाशी बसून वार विचारत राहिली. तिसऱ्या सकाळी उत्तर आले, “गुरुवार. पण समोरच्या फळ्यावर रू दीर्घ लिहिलाय.”

तिने डोळे टिपले.

आता गोळ्या तिच्या कपाटात असतात, पातळ औषध रोज पोटात जाते. दहाव्या तासाला बरगडी ठणकली की काका गोळी मागत नाहीत. डॉक्टरांना फोन करून विचारतात, आणि उत्तर मिळाल्यावर त्यांचे व्याकरण सुधारतात.