आबांचे तळपाय

सावळाराम आबांच्या पाया पडला न्हाय असा माणूस आमच्या वस्तीवर सापडायचा न्हाय. लगीन असू दे, दहावीचा निकाल असू दे, दारात नवा ट्रॅक्टर येऊ दे, आधी आबांच्या पाया पडायचं आन् मग पेढा तोंडात टाकायचा. भवानीनगरच्या खालच्या अंगाला, पाटाच्या कडंला आमची सात-आठ घरं, आन् त्यात आबा सगळ्यात थोरले, पंच्याहत्तरीचे. ओट्यावर बसायचे. माणूस वाकला की त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. इतकी माणसं त्या पायांवर वाकली, पण ते पाय खालनं कसे हायत ते कुणी बघितलं न्हाय. मी बी न्हाय बघितलं, आन् मी तर रोज दोन येळा त्या दारात जात व्हते.

मी सारजा. आबांच्या आन् माझ्या घरामधी एकच भिंत. माझा मालक जाऊन बारा वर्षं झाली. पोरगा माळेगावच्या कारखान्यात, तो आन् सून तिकडंच ऱ्हात्यात. आबांची मंडळी प्रयागआक्का, तिचं आन् माझं सख्ख्या बहिणीवानी व्हतं. तीन वर्षांमागं ती गेली. सकाळी धार काढाय उठली आन् गोठ्यात बसली ती बसलीच. काय सांगायला सवरायला येळच मिळाला न्हाय तिला.

आबांना शुगर हाय, पंधरा वर्षं झाली. आक्का व्हती तवर त्या शुगरीचं आमाला काय वाटत नव्हतं. सांजच्याला जेवणं झाली की ती काशाची वाटी घ्यायची, खोबरेल लावून आबांचे तळवे घासत बसायची. मी चेष्टा करायची, "आक्का, आता काय नवं लगीन झालंय व्हय तुजं?" ती म्हणायची, "अगं, शुगरवाल्याच्या पायाला कळत न्हाय. काटा मोडला तरी कळत न्हाय. रोज कुणीतरी बघाय नगं?" एकदा तिनं माझ्याम्होरं बाभळीचा बोटाच्या पेराएवढा काटा सुईनं काढला. आबा पेपर वाचत व्हते, त्यांनी मान बी वर केली न्हाय. आमी दोघी हसलो. त्यात हसण्यासारखं काय व्हतं, ते आता इचारते मी मलाच.

आक्का गेल्यावर सगळे म्हणले, आबांना पुण्याला न्या. अजित, म्हणजे आबांचा एकुलता एक, पुण्यात कंपनीत. बायको वृषाली बी नोकरीला. आबा आठ दिवस राहून आले आन् म्हणले, "चौथ्या मजल्यावर माणूस कोंबडीवानी बसून ऱ्हातंय. मी मरंन तितं." मग ते हितं आन् अजित तितं.

अजितला शिव्या घालणारी गावात लई हायत, मी बी घातल्यात. पण खरं बोलायचं तर पोरगं वाईट न्हाय. महिन्याच्या गोळ्या येळेवर यायच्या. बोटाला टोचून शुगर बघायचं मशीन आणलं. शुगरवाल्यांची मऊ चप्पल आणली, थंडीला लोकरीचे मोजे आणले. घरात कोपऱ्यात वर कॅमेरा लावला, फोनवर पुण्यात आबा दिसायचे. काय दिसायचं? टोपी दिसायची. रोज आठ वाजता फोन. गोळी घेतली? घेतली. जेवला? जेवलो. बरं हाय? हाय की. झालं. म्हातारं माणूस फोनवर "बरं न्हाय" म्हणतंय व्हय कधी?

आन् त्या चपलंचं काय झालं ते ऐका. आबांचा नेम व्हता, रानात पायताण घालून पाय टाकायचा न्हाय. बाप घालत नव्हता, आजा घालत नव्हता. रान वाट्यानं दिलेलं, तरी सकाळी एक फेरी मारल्याबिगर त्यांना चैन पडायचं न्हाय. अजितची चप्पल बांधावर जोडीनं काढून ठेवायचे, जशी काय देवळाच्या दारात, आन् अनवाणी आत शिरायचे. ऊस तुटून गेला की खाली बुडखं ऱ्हात्यात, तिरकी कापल्याली, सुरीवानी. धडधाकट माणूस तितं बघून पाय टाकतंय. आबांच्या पायाला कळायचंच न्हाय, मग बघायचं कशाला?

वृषालीनं एकदा इचारलं व्हतं, ते बी सांगते, उगं तिच्यावर आळ नगं. दिवाळीला आली, पाया पडली, आन् तितंच बसून म्हणली, "आबा, तळपाय दाखवा बघू. शुगरच्या माणसाचे बघावे लागतात." आबांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. "सुनंला तळपाय दाखवू व्हय? पाप लागंल." ती लाजली बिचारी. आमी ओट्यावरच्या चार बाया हसलो आन् म्हणलो, पुण्याची हाय, तिला काय कळतंय. तिलाच एकटीला कळत व्हतं.

आता माझं. आबांची भाकरी मीच द्यायची. आधी आत जाऊन ताट वाढायची, जेवूस्तोवर बसायची, पाणी द्यायची. एक दिवस टाकीवर पाणी भरताना एक बया म्हणली, नाव घेत न्हाय तिचं, "सारजाला आता आबांबिगर करमत न्हाय जणू." आन् बाकीच्या फिदीफिदी हसल्या. बासष्ट वर्षांची बाई मी. जीभ झडू दे मेलीची. पण दुसऱ्या दिवसापासनं मी ताट उंबऱ्यावर ठेवायला लागले. "आबा, जेवण ठेवलंय ओ," म्हणायचं आन् माघारी फिरायचं. आक्का काय करायची ते मला ठावं व्हतं. आता ते कुणी करत न्हाय, हे बी ठावं व्हतं. पण परक्या पुरुषाचा पाय हातात घ्यायचा, ते बी मालक नसलेल्या बाईनं? मी घाबरले. दुसरं काय न्हाय, लोकांच्या तोंडाला घाबरले.

ह्या पौषात आजूबाजूचा ऊस तुटला. ऊस गेला की उंदरं घरात शिरत्यात, दर साली शिरत्यात. आबांच्या उंबऱ्यावर ताट ठेवताना वास आला. मी म्हणलं, "आबा, उंदीर मेलाय कुठंतरी." ते म्हणले, "व्हय, असंल." मी पदर खोचला आन् घर उलथंपालथं केलं. ट्रंक सरकवली, पिठाचे डबे हालवले, माळ्यावर चढले. उंदीर काय सापडला न्हाय. दुसऱ्या दिवशी परत हुडकला. तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीत औषध टाकलं. आबा खाटंवर बसून मला जागा सांगत व्हते, "कणगीमागं बघितलंस का गं?" चार दिवस आमी उंदीर हुडकत व्हतो.

पाचव्या दिवशी आबा खाटंवरनं उठले न्हाईत. अंगात कणकण व्हती. मी गोधडी नीट कराय वाकले आन् वास माझ्या नाकातच गेला. पायात अजितनं दिल्यालं मोजं. म्हणलं, "आबा, हे कवा घातलं?" म्हणले, "थंडी वाढली, रानातली फेरी बंद केली, तवापासनं हायत." मी उजवा मोजा ओढला. तो निघंना. तळव्याला चिकटला व्हता. पाणी लावून लावून काढला, आन् मग मी परसात जाऊन ओकले. आबा मागनं इचारत व्हते, "काय गं, काय झालं? मला तर काय दुखत न्हाय."

शेजारच्या गाडीतनं बारामतीला नेलं. अजित दुपारपतुर आला. डॉक्टर बाई तरणी व्हती, पण बोलणं सरळ. "जखम किती दिवसांची आहे?" कुणाला सांगता येईना. "काय टोचलं?" ते बी न्हाय. मग ती म्हणली, "यांचे पाय रोज कोण बघतं?" अजितनं माझ्याकडं बघितलं आन् मी अजितकडं. आबांनी छताकडं बघितलं. त्या बाईनं कागदावर काय लिहिलं कुणास ठाऊक.

पाय गुडघ्याखालनं काढला. शुद्धीवर आल्यावर आबांनी हात चादरीवरनं फिरवत खाली खाली नेला, आन् जितं पाय संपला तितं थांबवला. रडले न्हाईत. मला म्हणले, "सारजा, आता रानात कसं जायाचं?" मी पाण्याची बाटली भरायच्या निमतानं बाहेर गेले आन् जिन्यात बसून रडले. आक्काला शिव्या घातल्या. म्हणलं, जायचंच व्हतं तर एवढं एक काम कुणाच्या तरी गळ्यात टाकून जायचं.

अठरा दिवस दवाखान्यात. अजित रजा टाकून तितंच. बापाचं सगळं केलं त्यानं, हागणं-मुतणं काढलं. घरी आणल्यावर बारामतीतनं महिन्यावर एक माणूस ठेवला. तो चार दिवस टिकला. दुसरा बघू म्हणला, तवर साहेबाचे फोनावर फोन. ऐतवारी अजित गेला. जाताना बापाच्या उरल्याल्या पायावर डोकं ठेवून लेकरावानी हुंदके देत व्हता.

मंगळवारी मी ताट घेऊन गेले ती थेट आत गेले. दार सताड उघडं ठेवलं, बघणाऱ्यांनी बघावं म्हणून. आबा जेवले. मग मी खाली बसले आन् म्हणलं, "आबा, पाय इकडं करा."

"खुळी झालीस का काय? लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणली म्हणूनच एक गेला. करा इकडं."

आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आन् पाय माझ्याकडं सरकवला. कसला हलका पाय. बोटं बघितली, बोटांच्या मधलं बघितलं, चवडा बघितला. सगळं कोरडं, भेगाळल्यालं, पण धड. माझा जीव जरा खाली बसला. मग टाच उचलली. टाचंला मागच्या अंगाला काळं पडलं व्हतं, जुन्या आठाण्याएवढं. अठरा दिवस गादीवर टाच टेकून पडल्याला माणूस. बोटानं दाबलं तर आत मऊ लागलं.

आबांच्या पायाला न्हाय, पण कानाला कळलं असणार मी थांबल्यालं. भिंतीकडं बघूनच म्हणले, "काय हाय?"

मला खोटं बोलाय येत न्हाय. मी म्हणलं, "आबा, हितं बी झालंय."

आबा म्हणले, "अजितला सांगू नगंस. परवाच गेलंय पोरगं. त्याची नोकरी जाईल."

मी त्यांच्याम्होरंच फोन लावला. अजितनं उचलला. मी सगळं सांगितलं, कुठं, केवढं, कसं.  

मग तो म्हणला, "मावशी, माझी रजा संपली ओ. एक पण दिवस उरला न्हाय."

तो रडत व्हता. आबांना ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन कानाला दाबून धरला. राग आला न्हाय मला त्याचा. मी म्हणलं, "बरं, ठेव. मी गाडी बघते."