जागा

नव्या ऑफिसात आज खोकी उघडत होतो. प्रत्येकावर आमचे जुने कारकून दामलेकाका यांचं वळणदार अक्षर: ‘फायली’, ‘कपबशा, सांभाळून’. आठवडाभर खपून सगळं सामान त्यांनीच बांधलं. शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लागल्यावर साहेबांनी मला पुढं केलं, आणि मी सांगितलं, “काका, तिकडं तुमच्यासाठी जागा नाही हो.”

“बरं,” म्हणाले, आणि हातातली कात्री मला दिली.

आपला ‘जागा’ हा शब्द मोठा सोयीचा. ऑफिसही जागा, नोकरीही जागा. माणूस काढला तरी वाटतं, भिंतीच आड आल्या. इथं तर बोललं की आवाज घुमतो.

कपबशांच्या खोक्यात काकांचा स्वतःचा कप निघाला, दुहेरी कागदात गुंडाळलेला. टाकवेना. पेनं ठेवायला बरा म्हणून धुतला, आणि टेबलावर त्याच्यासाठी लगेच जागा झाली.